पत्ता लांबला, नावाचं काम वाढलं

प्रस्तावना

आयपीव्ही६वरच्या पुस्तिका सहसा पत्त्यापासून सुरू होतात आणि पत्त्यापाशीच संपतात. ३२ बिटांच्या जागी १२८ बिट कसे आले, कोलन कुठे द्यायचा, शून्यं कशी गाळायची हे सगळं तपशिलात सांगून होतं. आणि शेवटी पानं उरली तर ‘आता डीएनएसमध्ये नोंद करा’ एवढं एक वाक्य येतं. या पुस्तकात पत्ता आणि नाव पहिल्या प्रकरणापासून बरोबरीने चालतात. १९२.१६८.१.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोऱ्यालाही पाठ असतो. ३२ हेक्साडेसिमल अंकांचा पत्ता कोणी पाठ करत नाही, फोनवर सांगत नाही आणि सांगितला तरी ऐकणारा तो चुकीचाच टाइप करतो. जुन्या जाळ्यात नावावाचून निभावत होतं. नव्यात निभावत नाही. म्हणून ज्याला लिनक्सवर आयपीव्ही६ बसवायचं आहे, त्याने नावावरून पत्ता काढण्याची यंत्रणा आधी नीट बसवावी. पुस्तकाचं म्हणणं एवढंच. पुढची सगळी प्रकरणं म्हणजे त्याचा विस्तार.

उदाहरणांसाठी जी जाळी गृहीत धरली आहेत, ती गाझियाबादमधल्या घरांत आणि छोट्या कचेऱ्यांत आढळतात तशी आहेत. वैशाली, इंदिरापुरम, वसुंधरा किंवा राजनगर एक्स्टेन्शनमधल्या कोणत्याही सोसायटीत एकाच माणसाकडे दोन वेगवेगळ्या काळांतलं इंटरनेट असतं. खिशातल्या फोनला मोबाइल कंपनीकडून आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. घरातल्या वायफायला मात्र, लाइन छोट्या स्थानिक केबलवाल्याची असेल तर, पुष्कळदा फक्त आयपीव्ही४ मिळतं आणि तेही स्वतःचं नव्हे. शेकडो फ्लॅटांना मिळून एकच गेट असावं, तसा शेकडो ग्राहकांमागे एक सार्वजनिक पत्ता असतो. यासाठी १००.६४पासून सुरू होणारा एक वेगळा पट्टा २०१२मध्ये राखून ठेवला गेला. राउटरच्या पडद्यावर त्या पट्ट्यातला आकडा दिसला की समजावं, आपल्या वर आणखी एक नॅट बसलेलं आहे. मग दुकानातला सीसीटीव्ही घरून पाहायचा असतो, डीव्हीआर जोडलेला असतो, राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगही केलेलं असतं, तरी बाहेरून काही लागत नाही. ग्राहक कॅमेऱ्याला दोष देतो, कॅमेरेवाला केबलवाल्याला देतो. पत्ताच सामायिक आहे हे कोणी सांगत नाही.

याच शहरात देशाचे टेलिकॉम इंजिनीअर घडतात. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि भारत सरकार यांनी मिळून १९७५ साली इथे ॲडव्हान्स्ड लेव्हल टेलिकॉम ट्रेनिंग सेंटर उभारलं. गाझियाबाद हा मेरठपासून वेगळा जिल्हा झाला तो त्यानंतरच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९७६ला. एएलटीटीसी आता भारत संचार निगमकडे आहे. दूरसंचार विभागाची, आधी एनटीआयपीआरआयटी म्हणून ओळखली जाणारी संस्थाही गाझियाबादेतच असून भारतीय दूरसंचार सेवेतले अधिकारी तिथे प्रशिक्षण घेतात. शेजारचं नोएडा १९९७पर्यंत गाझियाबाद जिल्ह्यात मोडत होतं. देशातल्या देशात इंटरनेटची वाहतूक एकमेकांना सोपवता यावी म्हणून २००३मध्ये निक्सी स्थापन झाली आणि तिचं पहिलं एक्स्चेंज नोएडातच सुरू झालं. भारतातल्या पत्त्यांचं वाटप करणारी आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था २०१२पासून त्याच निक्सीच्या छत्राखाली काम करते. धोरण, प्रशिक्षण आणि वाटप हे सारं दिल्लीच्या या काठावर काही मैलांच्या आत आहे, आणि तिथल्याच गल्लीतला राउटर अजून जुन्या पत्त्यावर चालतो आहे. लिनक्सवर काम करणाऱ्याला या दोन टोकांमधलं अंतर भरून काढायचं असतं.

इतिहासावर फार वेळ घालवायचं कारण नाही; पण काही सालं माहीत असली की आजचा गोंधळ समजतो. विंट सर्फ यांनी १९७७मध्ये प्रयोगापुरते म्हणून ३२ बिट पुरेसे मानले. १९८१मध्ये तेच प्रमाण झालं आणि ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते जगाच्या वाट्याला आले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयपीव्ही६चा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्याकडचं इंटरनेट आणि नवी पत्तेपद्धत एकाच वयाची आहेत. आपण सुरुवात केली तेव्हा जुनी व्यवस्था अपुरी पडणार हे ठरलेलंच होतं. पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ला संपला आणि आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपनिक दोनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, शेवटच्या राखीव तुकड्यावर आली.

दूरसंचार विभागाने त्याआधीच, जुलै २०१०मध्ये, राष्ट्रीय आराखडा आणला होता. तरी कागदावरचा बदल लोकांच्या हातात पोहोचला तो ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाल्यावर. कोट्यवधी नव्या ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते बाजारात नव्हतेच, त्यामुळे नवं जाळं आयपीव्ही६वर उभं करणं ही चैन नव्हती, गरज होती. इतर मोबाइल कंपन्यांनाही त्याच वाटेने यावं लागलं. आज गूगल आणि एपनिक यांच्या मोजणीत भारत या बाबतीत जगात अगदी वरच्या देशांत आहे. इथल्या दोन तृतीयांशांहून अधिक वापरकर्त्यांपर्यंत आयपीव्ही६ पोहोचलेलं आहे. मागे राहिली ती तारेची जोडणी. २०२१मध्ये विभागाने मुदती पुन्हा ठरवल्या: सरकारी कार्यालयांना ३० जून २०२२, आणि ३१ डिसेंबर २०२२नंतर दिलेली घरगुती तारेची प्रत्येक नवी जोडणी आयपीव्ही६ वाहू शकणारी असावी. कार्यालयातला सर्व्हर, कॉलेजातली लॅब आणि कारखान्यातलं जाळं यांच्यापर्यंत हा बदल कोणा कंपनीने आपोआप आणून दिलेला नाही. ते काम तिथल्या माणसाने, टर्मिनल उघडून, करायचं आहे.

लिनक्स कर्नलमध्ये आयपीव्ही६चा पहिला कोड नोव्हेंबर १९९६मध्ये आला. पेद्रो रोक यांनी तो लिहिला आणि आवृत्ती होती २.१.८. पुढे जपानमधल्या उसागी प्रकल्पाने २०००पासून तो तपासून, सुधारून प्रमाणाला धरून आणला. आज घरोघरचे राउटर आणि अँड्रॉइड फोन आतून लिनक्सच चालवतात, पण त्यांचं झाकण बंद असतं. खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हे शिकण्याचा फायदा असा की पत्ता कोणी दिला, नाव कोणाला विचारलं, उत्तर कोणत्या क्रमाने लावलं, हे प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांनी पाहता येतं. मात्र पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते, कारण ही कामं एकाच ठिकाणी होत नाहीत.

पत्त्याचंच पाहा. केबल जोडताक्षणी लिनक्स स्वतःहून एफई८०ने सुरू होणारा एक पत्ता घेतो; तो त्या तारेपुरताच असतो. मग राउटरची घोषणा येते. तिच्यात पत्त्याचा पुढचा भाग म्हणजे प्रीफिक्स असतो आणि उरलेला भाग यंत्र स्वतः जोडतं. पूर्वी हा उरलेला भाग नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून बनत असे, त्यामुळे लॅपटॉप कोणत्याही शहरात गेला तरी ओळखू येई. २००१पासून बदलते, तात्पुरते पत्ते वापरण्याची सोय आली. म्हणून आज एकाच कार्डावर तीन-चार पत्ते दिसले तर घाबरू नये. भारतातले पत्ते पुष्कळदा २४ या आकड्यांनी सुरू होतात, कारण २००६मध्ये एपनिकला जो मोठा गट मिळाला तो २४००पासूनचा आहे. या पुस्तकात मात्र सगळीकडे २००१:डीबी८ने सुरू होणारे पत्ते दिसतील. तो गट २००४पासून केवळ उदाहरणांसाठी राखीव आहे. ते पत्ते जसेच्या तसे टाइप करून जाळं चालणार नाही.

आता नावाकडे वळू. राउटरच्या त्याच घोषणेत डीएनएस सर्व्हरचा पत्ताही येऊ शकतो. पण प्रीफिक्स वाचून पत्ता घडवणारा कर्नल, डीएनएसची सूचना मात्र स्वतः वापरत नाही. ती वरच्या एखाद्या प्रोग्रॅमने उचलायची असते. नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर ते काम होतं. काटछाट केलेल्या सर्व्हरवर असा प्रोग्रॅमच नसेल, तर यंत्राला उत्तम पत्ता मिळतो, बाहेर पिंग जातं, आणि एकही साइट उघडत नाही. पत्ता आणि नाव यांची वाटणी कुठे होते हे ज्याला ठाऊक नाही, तो अशा वेळी केबल बदलतो.

नाव सोडवण्याची प्रश्नोत्तरंही सरळ रेषेत चालत नाहीत. ब्राउझरने किंवा मेलच्या प्रोग्रॅमने नाव विचारलं की ‘एनएसस्विच’ची फाइल आधी ठरवते, कोणाला कोणत्या क्रमाने विचारायचं: घरच्या होस्ट्स फाइलला, की बाहेरच्या डीएनएसला. मग ‘रिझॉल्व्ह’ची फाइल येते. तिच्यात सर्व्हर कितीही लिहिले तरी ग्लिबसी ही सी लायब्ररी पहिल्या तिघांपलीकडे पाहत नाही. उबुंटूसारख्या वितरणांत तिथे १२७.०.०.५३ एवढंच लिहिलेलं सापडतं. ते सिस्टमडी-रिझॉल्व्हडीचं दार आहे, खरा सर्व्हर त्याच्या मागे असतो. कित्येक जण ही फाइल हाताने बदलतात, काम होतं, आणि मशीन पुन्हा सुरू केलं की बदल पुसलेला असतो. डीएनएसकडे दोन प्रश्न जातात. एक जुन्या पत्त्यासाठी, ए नोंदीचा. दुसरा नव्यासाठी, चार एंच्या नोंदीचा, जिला सगळे ‘क्वाड-ए’ म्हणतात. दोन्ही उत्तरं आली की कोणतं आधी वापरायचं याचे नियम ठरलेले आहेत आणि आयपीव्ही६चा रस्ता दिसत असेल तर कौल बहुधा त्याच्याकडे जातो.

या सांध्यावरच तक्रारी जन्मतात. नावाला क्वाड-ए नोंद आहे पण यंत्रापासून तिथपर्यंत रस्ता नाही, असं झालं की प्रोग्रॅम आधी नव्या वाटेने जातो, अडतो, बऱ्याच वेळाने जुन्या वाटेला लागतो. ब्राउझर यातून हुशारीने सुटतात; पाव सेकंद वाट पाहून ते दुसरी वाटही सोबतच चाचपतात. रात्री चालणारी बॅकअपची जुनी स्क्रिप्ट इतकी हुशार नसते. दुसरा प्रकार अधिक चकवणारा. ग्लिबसी दोन्ही प्रश्न एकाच सॉकेटवरून लागोपाठ पाठवते. मधला एखादा स्वस्त राउटर किंवा फायरवॉल दुसरं उत्तर गिळून टाकतो. मग प्रत्येक नव्या जोडणीला बरोबर पाच सेकंद लागतात, कारण वाट पाहण्याची मुदत तेवढीच असते. आयपीव्ही६ बंद केलं की वेग परत येतो आणि ‘हेच मूळ’ असा निष्कर्ष काढून माणूस मोकळा होतो. दोष मधल्या पेटीचा असतो आणि ‘रिझॉल्व्ह’च्या फाइलमध्ये प्रश्न एकेक करून विचारायला सांगणारी एक ओळ त्यावर पुरते. तिसरा प्रकार घरातला: ‘लोकलहोस्ट’ हे नाव आधी ::१कडे सुटतं, आणि डेटाबेस फक्त १२७.०.०.१वर कान देऊन बसलेला असतो.

चौथा प्रकार आभासी यंत्रं आणि कंटेनर चालवणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी लिनक्समध्ये फॉरवर्डिंग सुरू केलं की कर्नल स्वतःला राउटर समजतो आणि दुसऱ्या राउटरच्या घोषणा ऐकणं सोडून देतो. लगेच काही बिघडत नाही. आधीच्या घोषणेची मुदत संपली की बाहेरचा रस्ता नाहीसा होतो, आणि तोवर सेटिंग बदलणारा चहाला गेलेला असतो. घोषणा ऐकण्याच्या सेटिंगला १ऐवजी २ दिलं की प्रश्न मिटतो. पण हे पहिल्यांदा शोधून काढायला एखादी संध्याकाळ जाते.

सुरक्षेच्या प्रकरणावर मी मुद्दाम अधिक पानं दिली आहेत. नॅटमागे राहून आपल्याला वाटू लागलं की बाहेरून कोणी येऊ शकत नाही ही जाळ्याची प्रकृतीच आहे. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक यंत्राचा पत्ता सार्वजनिक असू शकतो आणि फायरवॉल हीच भिंत असते. जुन्या पद्धतीत आयपीटेबल्सचे नियम वेगळे आणि आयपी६टेबल्सचे वेगळे. डेटाबेसचं पोर्ट एकीकडे काळजीपूर्वक बंद आणि दुसरीकडे सताड उघडं, असे सर्व्हर त्यातूनच तयार झाले. २०१४च्या सुरुवातीला कर्नलमध्ये आलेलं एनएफटेबल्स दोन्ही पत्तेपद्धतींना एकाच तक्त्यात नियम लावू देतं. नव्याने शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. आणि आयसीएमपी सरसकट अडवायची जुनी सवय इथे सोडावी लागते. शेजारचं यंत्र शोधणं, राउटरची घोषणा, पाकीट मोठं झाल्याची सूचना, सगळं त्यावरूनच येतं. ती वाट बंद केली की छोटी पानं उघडतात आणि मोठी फाइल मध्येच अडकून बसते.

नावांचा विषय मराठी वाचकाला आणखी एका बाजूने जवळचा आहे. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये डीएनएस मांडलं आणि मे १९८९मध्ये ‘डॉट इन’ जन्माला आलं. २००५च्या आरंभी ते निक्सीकडे जाईपर्यंत त्याचा सांभाळ मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत होत होता. ऑगस्ट २०१४मध्ये देवनागरी ‘डॉट भारत’ आलं आणि त्यात मराठीही आहे. भारतीय भाषांतल्या नावांच्या नियमांवर पुण्याच्या सी-डॅकने काम केलं. डीएनएस मात्र आतून अजून रोमन अक्षरांतच बोलतं. ‘भारत’ हे नाव तिथे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ अशा रूपात जातं. इथे एक खास मराठी अडचण आहे. ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱपासून, किंवा साध्या रला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडखूण टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, डीएनएसला ती दोन वेगळी नावं वाटतात. शिवाय २००३च्या नियमांत ती अदृश्य खूण गाळली जाई आणि पुढच्या नियमांत ठेवली जाऊ लागली. मराठी नाव घेणाऱ्याने नोंदणीपूर्वी हे तपासावं. त्याची कृती वेगळ्या प्रकरणात दिली आहे, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांना हा प्रश्न पडण्याचं कारणच नाही.

पुस्तक कोणासाठी? ज्याला टर्मिनल उघडून फाइल बदलता येते आणि सबनेट म्हणजे काय हे ढोबळमानाने माहीत आहे, अशा कोणासाठीही. पहिल्या भागात एकच लिनक्स यंत्र आहे: त्याचे पत्ते वाचणं, त्याने नाव कोणाला विचारलं हे पाहणं. दुसऱ्या भागात ते यंत्र राउटर होतं, घरात घोषणा देतं आणि स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवतं. तिसऱ्या भागात बाहेरच्या जगासाठीचा सर्व्हर आहे. त्यात उलट नोंदीही आल्या, कारण पत्त्यावरून नाव न निघणाऱ्या आयपीव्ही६ सर्व्हरची मेल जीमेलसारखे मोठे सर्व्हर स्वीकारत नाहीत. पाठ्यातल्या कमांड स्वतंत्र चौकटीत छापल्या आहेत. प्रत्येक चौकटीनंतर काय दिसायला हवं आणि वेगळं दिसलं तर कुठे पाहायचं, हे सांगितलं आहे. घरी आयपीव्ही६ येत नसेल त्यांनी फोनचा हॉटस्पॉट वापरावा. बहुतेक उदाहरणं त्यावर चालतात.

एक विनंती पुस्तक वाचायला घेण्याआधीच करतो. ‘आयपीव्ही६ बंद करा’ हा सल्ला फार स्वस्त झाला आहे आणि एका ओळीत अमलात येतो. ती ओळ लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्राला तारेपलीकडचा पत्ता आणि बाहेरचा रस्ता आहे का? नावाची क्वाड-ए नोंद ‘डिग’ला काय दिसते आणि ‘गेटेंट’ला काय? ‘डिग’ थेट सर्व्हरला विचारतं, ‘गेटेंट’ यंत्राच्या सगळ्या नियमांतून जातं, त्यामुळे दोघांत तफावत असेल तर दोष आपल्याच फाइलींत आहे. आणि शेवटी, फक्त त्या पत्त्याने, नाव न घेता, जोडणी होते का? या तीन उत्तरांत दोष पत्त्याचा, नावाचा की मधल्या पेटीचा हे बहुधा कळतं. ते कळलं की दुरुस्ती लहान असते. न कळता बंद केलेलं आयपीव्ही६ मात्र पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप होतं, कारण त्याचे ग्राहक फोनवरून येतात आणि या देशातल्या बहुसंख्य फोनांचा पत्ता आता १२८ बिटांचाच आहे.

गाझियाबाद